बाहुला कोण, बोलणारा कोण?



महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' (१९९३) आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पोलिसांच्या गोळीने मरणारा गुंड तात्या विंचू मंत्राच्या जोरावर एका बोलक्या बाहुल्यात शिरतो. खुनी गुंड, आणि राहायला जागा खेळण्याची! म्हणून आपण भीतभीत हसतो. तो बाहुला रामदास पाध्ये यांनी घडवला होता.

एरवी या खेळात ओठ बाहुल्याचे हलतात, शब्द मात्र माणसाचे असतात. चित्रपटात उलटे घडते. बाहुला स्वतःच बोलतो, आणि बिचाऱ्या लक्ष्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. लक्ष्या खरोखर निर्दोष आहे. पण आपण? "मी नाही, माझा राग बोलला." "दारूने करवले." "लोक म्हणतात, म्हणून मीही म्हटले." अशा 'लोक म्हणतात'ने आपल्या उदगीरसारख्या गावात एखाद्या मुलीचे ठरलेले लग्न मोडू शकते.

संत ऑगस्टिन तरुणपणी सुमारे ९ वर्षे मानी पंथात होते. पाप आपण करीत नाही, आपल्यातले दुसरेच काही करते, हा विचार त्यांना तेव्हा सोयीचा वाटे. पुढे त्यांनी तो नाकारला. राग खरा असतो, व्यसनाची ओढही खरी असते. त्यामुळे दोष कधी हलका होईल, पण तो दुसऱ्याचा होत नाही. आणि दोष माझा असेल, तरच तो सुधारणेही माझ्या हाती राहते. बाहुल्याला पश्चात्ताप होत नाही, माणसाला होतो.

या आठवड्यात 'लोक म्हणतात' हे शब्द ओठांवर आले, तर क्षणभर थांबून स्वतःला विचारू या: बोलतोय कोण?