शंकासमाधान : मन तयार आहे, हे ओळखायचं कसं?

शंका : माझं वय 26. नांदेडला एका लॅबमध्ये नोकरी करते. मुलगा लातूरचा, तिथेच क्लासवर शिकवतो. आमची जुनी ओळख आहे, घरच्यांनाही पसंत आहे. 36 पैकी 27 गुण जुळले. आता साखरपुड्याची तारीख मागताहेत आणि माझ्या छातीत धडधडतं. आई म्हणते, लग्न झालं की मन बसतं. आजी म्हणते, माहूरच्या रेणुकेला नवस बोल. मन डळमळत असताना होकार देणं म्हणजे देवाशी खोटं बोलणं का?
– एक वाचक, नांदेड

समाधान : ताई, धडधडतं म्हणून मन नाहीच म्हणतंय, असं समजू नका. जन्माचा शब्द द्यायचा तर भीती वाटायचीच. माहूरला जरूर जाऊन या, पण होकार-नकाराचा भार देवीवर टाकू नका.

गुणमेलनात नाडी, गण, योनी असे आठ कूट बघतात. कर्जाचा हप्ता त्यात येत नाही. तो सप्तपदीत येतो. पहिलं पाऊल अन्नाचं, दुसरं बळाचं, तिसरं धनाचं. पुढे सुख, संतती, ऋतू आणि सातवं सख्याचं. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानुसार, जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण होतं. एवढी मोलाची वचनं आपण पंगतीच्या घाईत उरकतो. तुम्ही ती साखरपुड्याआधीच बोलून घ्या.

अन्न : तुमची सकाळची ड्यूटी असेल तेव्हा डबे कोण भरणार? धन : त्याच्या घरी शेती असेल, तर तिच्यावर पीककर्ज किती? तुमच्या पगारातले पैसे माहेरी दिलेले चालतील का? संतती : कधी, आणि तेव्हा नोकरीचं काय? ऋतू : 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तशा उन्हाळ्यात टँकरपाशी घागरी घेऊन कोण उभं राहणार?

तो ‘बघू नंतर’ म्हणतो की कागद घेऊन हिशेब मांडतो, ते बघा. एखाद्या गोष्टीला स्पष्ट ‘नाही’ म्हणून बघा. रुसून फोन बंद ठेवत असेल, तर थांबा. ऐकून घेत असेल, तर सातव्या पावलाची काळजी नको.

मनात शंका असताना होकार दिला तर पाप लागत नाही. ती त्याच्यापासून लपवू मात्र नका. चार-सहा महिने हवे असतील तर दोन्ही घरांना आत्ताच सांगा. मंगल कार्यालयाचा विसार दिल्यावर तेच सांगणं सगळ्यांनाच जड जाईल.