बेरिंग का गेलं?

वेग पन्नासच्या वर गेला की मागून घुमल्यासारखा आवाज यायला लागला. गिअर काढून गाडी नुसती सोडून पाहिली. इंजिन शांत झालं तरी आवाज होताच, आणि गाडीचा वेग उतरेल तसा तो उतरत गेला. म्हणजे दोष चाकाकडचा. जॅकवर मागचं डावं चाक उचललं, वरून-खालून दोन्ही हातांनी धरून हलवलं, तर चांगला टकटकता प्ले लागला. बेरिंग गेलं होतं. जुनी मारुती जिप्सी, वय झालंय, असं मी स्वतःला समजावलं. पण हे बेरिंग जुनं नव्हतं. गेल्याच पावसाळ्याआधी बदललेलं होतं.

जिप्सी आपल्याकडे १९८५ साली आली आणि लष्करापासून ताडोबाच्या सफारीपर्यंत सगळीकडे राबली. तेव्हा वर्षभरात गेलेल्या बेरिंगचा दोष तिच्या वयावर ढकलणं बरं नव्हे. जड ट्रकच्या मागच्या एक्सलमध्ये आतल्या शाफ्टला फक्त चाक फिरवायचं असतं, वजन बाहेरचं हाउसिंग पेलतं. जिप्सीत शाफ्ट फिरतोही आणि भारही घेतो. त्या बाजूचा सगळा भार टोकाजवळच्या एका बेरिंगवर येतो. हे बेरिंग शाफ्टवर सरकू नये म्हणून त्याच्यामागे एक लोखंडी कॉलर असते. तिला आटे नाहीत, नट नाही, पिन नाही. ती नुसती घट्ट आवळून बसलेली असते. ती सरकली तर चाक शाफ्टसकट बाहेर येऊ शकतं.

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी ड्रम काढला. आत लायनर तेलाने थबथबलेले. ब्रेकचा पाइप सोडला, मागच्या पत्र्याचे चार नट काढले, सरकत्या हातोड्याचे चार-पाच ठोके दिले आणि शाफ्ट बाहेर ओढला. मग डिफरन्शियलचा प्लग काढून खाली थाळी धरली. काळसर तेल येईल अशी माझी अपेक्षा. आलं ते दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचं. तेलात पाणी होतं.

मिस्त्री म्हणाले, ‘‘साहेब, हे बेरिंग झिजून गेलेलं नाही. बुडवून मारलंय.’’

मग त्यांनी मला गाडीखाली बोलावलं. एक्सलच्या हाउसिंगवर वरच्या बाजूला अंगठ्याच्या नखाएवढी एक टोपी असते, ब्रीदर. एक्सलने श्वास घ्यायचा तो तिच्यातून. आमच्या गाडीच्या या टोपीवर वाळलेल्या चिखलाचं लिंपण चढलं होतं. बोटाने हलवली तर हलेना.

गाडी तासभर घाटात चालली की एक्सलमधलं तेल आणि हवा तापते, फुगते. ब्रीदर मोकळा असेल तर जादा हवा तिथून निघून जाते. बंद असेल तर ती ऑइल सीलच्या कडेवर रेटा देते आणि तेल ब्रेकवर उतरतं. तशीच तापलेली गाडी आपण हौसेने ओढ्यात घालतो. आतली हवा एकदम गार होते आणि आक्रसते. ८० अंशांची हवा ३० अंशांवर आली की तिचा जवळजवळ सातवा हिस्सा कमी होतो. गरम भाजीचा डबा झाकण लावून ठेवला की गार झाल्यावर उघडता उघडत नाही, तेच इथे घडतं. फरक इतकाच, की एक्सल पाण्यात बुडालेला असतो आणि सील तेल आत राखण्यासाठी घडवलेलं असतं, बाहेरचं पाणी थोपवण्यासाठी नव्हे. वरून हवा मिळाली नाही की एक्सल सीलच्या फटीतून पाणी ओढून घेतो. त्यानंतर बेरिंग गंजायला एक पावसाळा पुरतो.

गेल्या वर्षी बेरिंग आणि सील दोन्ही नवीन टाकले होते. ब्रीदर कुणी पाहिला नव्हता, कारण गाडी संध्याकाळपर्यंत हवी म्हणून मीच मागे लागलो होतो. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, म्हणतात तसं झालं.

तरी बेरिंग बदलण्यावाचून सुटका नव्हतीच. जुनी कॉलर पुन्हा वापरत नाहीत. ग्राइंडरने ती शाफ्टला धक्का लागणार नाही इतपत घासायची आणि उरलेल्या पातळ भागावर छन्नीचा एक ठोका द्यायचा. कडकन आवाज झाला आणि कॉलर तडकली. जुनं बेरिंग प्रेसवर उतरवलं. नवं चढवण्याआधी ब्रेकचा पत्रा शाफ्टवर घातला आहे ना, हे मिस्त्रींनी दोनदा पाहिलं. तो विसरला की सगळं पुन्हा कापा. बेरिंग बसवताना जोर फक्त आतल्या रिंगवर दिला. बाहेरच्या रिंगवर ठोकलं तर तो मार गोळ्यांमधून आत जातो, गोळ्यांच्या वाटेत बारीक खळगे पडतात आणि नवं कोरं बेरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करतं.

शेवटी नवी कॉलर तापवली. तापली, किंचित फुगली, चिमट्याने सोडताच शाफ्टवरून सरकत जागेवर गेली. मिनिटभरात गार होऊन तिने लोखंडाला अशी मिठी मारली की आता कापल्याशिवाय सुटणार नाही. आक्रसण्याचा नियम तोच. हवेला वाट नव्हती तेव्हा त्याने बेरिंग घालवलं, कॉलर नीट बसवली तेव्हा त्यानेच चाक धरून ठेवलं.

तिथे बसल्या बसल्या मला घरातला एक प्रसंग आठवला. आमची आई गेल्या काही महिन्यांत फार चिडचिडी झाली होती. चहात साखर कमी पडली तरी आवाज चढायचा. आम्ही वयावर बोट ठेवून मोकळे झालो होतो. डॉक्टर झाले, झोपेची गोळी झाली. मग एकदा सहज कळलं, जिना चढवत नाही म्हणून तिचं संध्याकाळचं देवळात जाणं सुटलं होतं. तिथल्या चार बायकांशी तासभर बोलणं, हीच तिची मोकळं होण्याची जागा होती. आता रोज कुणीतरी तिला धरून खाली नेतं. गुडघ्याचं औषध चालूच आहे, ते थांबवून भागणार नाही. पण घरातला आवाज उतरला.

जिथे आवाज होतो तिथे आपण पाना लावतो, आणि तो लावायलाच हवा. पण दुरुस्त केलेली गोष्ट वर्षाच्या आत पुन्हा तशीच बिघडली, तर तिसरा नवा भाग आणायच्या आधी घटकाभर थांबावं. याचा श्वास कुठे कोंडलाय, एवढं विचारावं.

आमच्या मिस्त्रींनी आता ब्रीदरच्या जागी रबरी नळी जोडून तिचं तोंड पार वर, पेट्रोल टाकीच्या तोंडाजवळ नेलंय. तुमच्याकडे जुनी जीप किंवा जिप्सी असेल, तर पुढच्या ओढ्यात घालण्याआधी एकदा खाली वाका आणि ती नखाएवढी टोपी बोटाने फिरवून पाहा. फिरली पाहिजे.