पाचवे कारण

वर्धा जिल्ह्यातले हिंगणी आज बोर व्याघ्र प्रकल्पाच्या वाटेवरचे गाव म्हणून ओळखले जाते. जंगलाला लागूनच बोर नदीवरचे धरण आहे. १९६५ साली पूर्ण झालेले हे मातीचे धरण सुमारे ३६ मीटर उंच आहे. बांधावर उभ्या माणसाला भिंतीचा माथा, पाण्याचा विस्तार आणि पलीकडची झाडी दिसते. पाण्याकडच्या उताराचे दगडी पिचिंग, तळाशी साठलेला गाळ आणि पाणी बाहेर सोडणाऱ्या विमोचकाचे तोंड मात्र पाण्याखाली राहते. धरणाचे आरोग्य बरेचसे याच न दिसणाऱ्या भागावर अवलंबून असते.

अशा जलाशयात तपासणीसाठी उद्या स्वयंचलित रोबो सोडायचा ठरला, तर कामाची सुरुवात संगणकाच्या पडद्यावर होईल. जलाशयाचा नकाशा भरायचा, रोबोचे वजन, वेग आणि बॅटरी भरायची, वाटेवरचे टप्पे ठरवायचे आणि मग आभासी पाण्यात आभासी रोबो चालवून पाहायचा. पोर्तुगालमधल्या पोर्तो विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तयार झालेली ‘नेप्टस’ ही प्रणाली नेमके हेच करते. मोहिमेची आखणी, सराव, प्रत्यक्ष मोहिमेवर देखरेख आणि रोबो परतल्यावर त्याच्या नोंदींचे परीक्षण, हे चारही टप्पे तिच्यात हाताळता येतात. अमेरिकेतल्या एमआयटीत वाढलेल्या ‘मूस-आयव्हीपी’ या प्रणालीत सरावाच्या वेळी काळाचा वेगही वाढवता येतो. तासांची मोहीम काही मिनिटांत उरकते. रोबो तळावर आपटला, तर पुन्हा सुरू करायचे.

पडद्यावर निर्दोष पार पडलेली मोहीम पाण्यात पार पडेलच, याची ग्वाही कशाच्या बळावर द्यायची? आणि ती पार पडली किंवा फसली, तर ते कर्म कोणाचे मानायचे? आखणी करणाऱ्याचे, यंत्राचे, की पाण्याचे?

हा प्रश्न या जिल्ह्याला परका नाही. धाम नदीकाठच्या पवनारला ज्यांच्या आयुष्यातली पुढची अनेक वर्षे गेली, त्या विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. अठराव्या अध्यायापर्यंत ती प्रवचने पोचली तो दिवस १९ जूनचा होता. त्याच अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवे दैव. ‘सगळे मीच केले’ असे जो मानतो त्याची दृष्टी अजून तयार झालेली नाही, असेही गीता त्यालाच जोडून सांगते.

ही यादी रोबोच्या मोहिमेशी ताडून पाहिली की तिची नेमकी बांधणी लक्षात येते. रोबोचे शरीर आणि त्यातली ऊर्जा हे अधिष्ठान. मोहीम आखणारा आणि त्याने लिहिलेले नियम पाळणारा प्रोग्रॅम हा कर्ता. पंखा, सुकाणू, सोनार, होकायंत्र ही करणे. बुडणे, वळणे, ठरलेल्या खोलीवर राहणे या चेष्टा. ही चारही कारणे सॉफ्टवेअरमध्ये बरीच प्रामाणिकपणे उतरवता येतात.

गोव्यात दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने बांधलेल्या ‘माया’ या रोबोचे उदाहरण घ्यावे. लांबी पावणेदोन मीटरच्या आसपास, वजन सुमारे ५५ किलो. त्याच्या चाचण्या डिचोली तालुक्यातल्या आमठाणे धरणातही झाल्या. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा जवळजवळ अडीच टक्के जड असते. त्यामुळे धरणात नेमका तोललेला ५५ किलोचा रोबो समुद्रात गेला की साधारण १.४ किलोने हलका पडतो आणि वर उचलला जातो. हा फरक कागदावर मांडता येतो, सरावात घालता येतो आणि पाण्यात उतरण्याआधी वजने बदलून दुरुस्तही करता येतो. चार कारणांवर माणसाची हुकमत किती दूरपर्यंत जाते, ते यातून कळते.

पाचव्याचे काय?

दैव या शब्दावर आपल्या परंपरेत दोन वाचने आहेत आणि दोन्ही इथे उपयोगी पडतात. शंकराचार्यांच्या भाष्यात दैव म्हणजे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या देवता. डोळ्याला सूर्याचे साहाय्य नसेल तर डोळा असून दिसत नाही. ज्ञानेश्वरांनीही १२९० सालच्या ज्ञानेश्वरीत याच अंगाने विवरण केले आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी दैवाचा अर्थ सृष्टीत आपल्या प्रयत्नांबाहेर चाललेला व्यापार असा घेतला. शेतकऱ्याने कितीही राबावे, पीक येण्यासाठी बी, जमीन आणि पाऊस यांच्या स्वभावाची साथ लागतेच, हे त्यांचे उदाहरण विदर्भात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

टिळकांच्या अर्थाने दैव म्हणजे प्रवाह. पाण्याखाली उपग्रहाचा संकेत पोचत नाही, म्हणून रोबो आपला वेग आणि दिशा यांवरून आपण कुठे आहोत याचा अदमास घेत जातो. तळाच्या संदर्भाने वेग मोजण्याची सोय नसेल, तर सेकंदाला ३० सेंटिमीटरचा आडवा प्रवाह त्याला तासाभरात एक किलोमीटरहून अधिक दूर नेतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. शंकराचार्य आणि ज्ञानेश्वर यांच्या अर्थाने दैव त्याहून जवळ आहे. रोबो आवाजाने पाहतो, आणि पाण्यात आवाजाचा वेग तापमान, क्षार आणि खोली यांप्रमाणे बदलतो. गरम आणि थंड पाण्याच्या सीमेवर ध्वनी वाकतो. म्हणजे ज्या इंद्रियाने पाण्याची परीक्षा करायची, ते इंद्रियच पाण्याच्या अनुग्रहावर चालते. अज्ञात गोष्ट बाहेर वाट अडवून उभी असते, तशी ती पाहण्याच्या क्रियेतही मिसळलेली असते.

सरावाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रवाह घालता येतो, सोनारच्या मापात मुद्दाम चूकही घालता येते. पण तो प्रवाह आणि ती चूक आखणाऱ्यानेच कल्पिलेली असते. आपण नेमून दिलेले दैव हे पुन्हा कर्त्याच्याच खात्यात जमा होते. पडद्यावरचे पाणी खोटे आहे म्हणून कोणी फसत नाही, कारण ते खोटे आहे हे सर्वांना ठाऊक असते. फसगत होते ती पाचव्या कारणाची जागा भरली गेली असे वाटू लागते तेव्हा.

हिंदी महासागरात हरवलेल्या मलेशियन विमानाच्या शोधासाठी एप्रिल २०१४ मध्ये ‘ओशन शील्ड’ या जहाजावरून ‘ब्लूफिन-२१’ हा रोबो सोडला गेला. त्याची मर्यादा ४,५०० मीटर. पहिल्याच मोहिमेत सुमारे सहा तासांनंतर समुद्र त्याहून खोल निघाला आणि रोबो आपोआप वर आला. नकाशापेक्षा समुद्र वेगळा निघाला, आणि ‘मर्यादा ओलांडली की काम सोडून परत ये’ हा आधीच घातलेला नियम उपयोगी पडला. समुद्र किती खोल निघेल हे आखणाऱ्यांना माहीत नव्हते. आपल्याला माहीत नसलेले काही असू शकते, एवढे मात्र त्यांनी यंत्रात लिहून ठेवले होते. दैवाला मान देण्याची ही रीत पूजेइतकीच गंभीरपणे घ्यायला हवी.

दैवाला मान देण्याची दुसरी जागा मोहिमेनंतरच्या परीक्षणाची. रोबो परतला की ठरवलेली वाट आणि प्रत्यक्ष वाट एकाच नकाशावर शेजारी उमटतात. दोन रेषांमधल्या अंतराचा अर्थ लावताना अहंकाराची खरी कसोटी लागते. मोहीम यशस्वी झाली तर आखणी उत्तम होती म्हणायचे आणि फसली तर प्रवाहाला दोष द्यायचा, हा मोह सर्वांनाच होतो. गीतेची पाच कारणे या मोहाला आवर घालतात, कारण यश असो वा अपयश, पाचही रकाने भरावेच लागतात. दैवाच्या रकान्यात काय लिहिले आहे हे पाहूनच पुढच्या सरावातला नकाशा, प्रवाह आणि ध्वनीचा वेग बदलता येतो. एका मोहिमेचे दैव अंशतः पुढच्या मोहिमेचे ज्ञान होते. अंशतःच, कारण पाणी त्या दरम्यान बदललेले असते.

रोबो अधिक स्वायत्त होत चालले आहेत, तसा कर्त्याचा रकानाही अवघड होतो आहे. वाटेत अडथळा दिसला तर काही रोबो स्वतःच नवी वाट आखतात. तरीही यंत्राला कर्ता म्हणून मोकळे होता येत नाही. कुठे थांबायचे, किती धोका पत्करायचा, कोणती नोंद जपायची हे ठरवणारी माणसे त्या निर्णयामागे असतातच आणि उत्तरही त्यांनीच द्यायचे असते.

असे उत्तर कसे द्यायचे, याचे एक उदाहरण ब्रिटनमधले आहे. तिथला ‘ऑटोसब-२’ हा रोबो फेब्रुवारी २००५ मध्ये अंटार्क्टिकातल्या फिंबुल हिमपट्ट्याखाली गेला आणि परतलाच नाही. यंत्र बर्फाखाली अडकल्याने त्यातल्या नोंदीही हाती आल्या नाहीत. चौकशी करणाऱ्यांना शक्यता मांडण्यापलीकडे जाता आले नाही. त्यानंतर त्याच्या वारसाच्या, ‘ऑटोसब-३’च्या, आधीच्या प्रत्येक बिघाडाची यादी तज्ज्ञांपुढे ठेवली गेली. असा बिघाड बर्फाखाली झाला तर रोबो गमावण्याचा संभव किती, याचा अंदाज प्रत्येकाकडून घेतला गेला आणि त्यावरून धोका पत्करायचा की नाही हे ठरले. जानेवारी २००९ मध्ये ‘ऑटोसब-३’ पाइन आयलंड हिमनदीखाली सहा वेळा जाऊन आला. त्यातल्या एका फेरीत तो बर्फाला धडकला, तरी परतला, आणि त्या धडकेचे कारणही त्याच्या नोंदींतून शोधले गेले.