छेद घेण्याआधीची सात मिनिटं

चि. सायली हिस,


तुझा मेसेज वाचला. त्यातला वैताग फोनवर निस्तरण्यासारखा नव्हता, म्हणून कागद काढला. गाइडनी थीसिससाठी दिलेला विषय तुला मिळमिळीत वाटतो: पोटाच्या तातडीच्या ऑपरेशननंतर जखमेत होणारा पू. सोबत कार-टी पेशींची बातमी जोडून तू लिहिलंस, ‘संशोधन याला म्हणतात, आबा. आम्ही इथे गॉज मोजत बसलोय.’

बातमी खरी आहे आणि अभिमानाचीही. पवईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून ही उपचारपद्धती उभी केली. ऑक्टोबर २०२३मध्ये तिला देशात परवानगी मिळाली. रुग्णाच्याच रक्तातल्या टी पेशी बाहेर काढायच्या, ठरावीक प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी ओळखता येतील असा बदल त्यांच्यात करायचा आणि त्या परत सोडायच्या. परदेशात कोटींत जाणारा खर्च इथे चाळीस लाखांच्या घरात आला, ही मोठी मजल आहे. पण तुझ्या वॉर्डात तंबाखूची पुडी उशाखाली लपवणाऱ्या माणसाला चाळीस लाख काय आणि चार कोटी काय, दोन्ही आकडे सारखेच. असो. त्यावर तू माझ्यापेक्षा जास्त वाचलं असशील.

मला तुला वेगळ्याच एका कामाबद्दल सांगायचंय. तुमच्या ऑपरेशन थिएटरात ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात झायलोकेनची, म्हणजे बधिर करणाऱ्या लिडोकेनची, बाटली असते ना, रबरी बुचाची? गळू फोडायचं असो की बोटाला टाके घालायचे असोत, आपण न बघताच हात तिच्याकडे नेतो. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच बाटली स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनआधी वापरली. पेशंट पूर्ण भुलीखाली, म्हणजे दुखण्याचा प्रश्नच नाही. तरीही गाठीच्या चहूबाजूंनी अर्धा टक्का लिडोकेन टोचायचं, सात ते दहा मिनिटं थांबायचं आणि मगच छेद घ्यायचा. मात्रा जास्तीत जास्त किलोमागे साडेचार मिलिग्रॅम. साठ किलोच्या बाईचा हिशेब तूच कर: २७० मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्क्यांच्या बाटलीतले साडेतेरा मिली, सलाइन मिसळून ५४ मिली. तीस मिलीची निम्मी बाटलीही लागत नाही. खर्च शंभर रुपयांच्या आत.

आधी केमो न घेता थेट ऑपरेशनला आलेल्या १,६०० स्त्रिया, देशातली ११ केंद्रं, सुरुवात २०११ची. कुणाला इंजेक्शन द्यायचं आणि कुणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलेलं. ऑपरेशननंतरचे उपचार दोन्ही गटांना नेहमीसारखेच. निकाल २०२३मध्ये जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीत आला. पाच वर्षांनी इंजेक्शन न मिळालेल्यांपैकी ८६.४ टक्के हयात होत्या, मिळालेल्यांपैकी ९०.१ टक्के. आजार न उलटता राहिलेल्यांचं प्रमाण ८२.६ आणि ८६.६. इंजेक्शनचा त्रास म्हणून कुणाला काही झालं नाही.

इथे एक सवय आत्ताच लावून घे. हाच निकाल ‘मृत्यूचा धोका २९ टक्क्यांनी घटला’ असाही सांगता येतो आणि ‘शंभरात साधारण चार बायका जास्त जगल्या’ असाही. दोन्ही खरं. औषध विकणारा पहिलं वाक्य बोलेल. पेशंटच्या नवऱ्यासमोर बसशील तेव्हा तू दुसरं बोलत जा. आणि शंभरात चार म्हणजे थोडं, असं समजू नकोस. स्तनाच्या कर्करोगात एवढ्याच फरकासाठी लोक वर्षवर्ष महागडी औषधं घेतात.

पण मुळात ऑपरेशनच्या त्या तासात काही करावं, हे सुचलं कसं? ते एका दिवसात सुचलेलं नाही. बडव्यांचा १९९१चा लॅन्सेटमधला लेख मिळाला तर बघ. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या जुन्या नोंदी तपासून त्यांनी मांडलं होतं की, पाळी सुरू असलेल्या स्त्रियांमध्ये महिन्याच्या कोणत्या टप्प्यात ऑपरेशन झालं, यावर पुढचं आयुष्य अवलंबून असावं. त्यावर भरपूर वाद झाले, इतरांच्या नोंदींतून उलटसुलट उत्तरं आली. मग मुंबईत त्यांनी सुमारे हजार स्त्रियांवर ऑपरेशनआधी प्रोजेस्टेरॉनचं एकच इंजेक्शन देऊन पाहिलं. २०११मध्ये उत्तर आलं आणि सगळ्या स्त्रिया मिळून पाहिल्या तर फायदा दिसला नाही. काखेतल्या गाठींपर्यंत आजार पोचलेल्यांत काही आशा दिसली, तेवढीच. दुसरा एखादा तिथेच विषय बंद करून मोकळा झाला असता. या मंडळींनी औषध बदललं, प्रश्न तोच ठेवला: सुरी लागते त्या घटकेला गाठीच्या आसपास काय घडतं, आणि ते रोखता येईल का?

लिडोकेन मज्जातंतूंवरचे सोडियमचे मार्ग बंद करतं, म्हणून बधिरता येते, हे तुला पाठ आहे. तसेच मार्ग कर्करोगाच्या पेशींवरही सापडतात आणि पेशी जागची हलून दुसरीकडे सरकण्याशी त्यांचा संबंध असावा, असं प्रयोगशाळेतलं काम सुचवतं. माणसात हेच कारण आहे, हे मात्र अजून सिद्ध व्हायचंय. व्हायव्हात विचारलं तर ‘असावं’ म्हण, ‘आहे’ म्हणू नकोस.

कामात कच्चे दुवेही आहेत. इंजेक्शन न मिळालेल्या गटाला नुसतं सलाइन टोचलेलं नव्हतं, त्यामुळे कुणाला काय मिळालं हे सर्जनला ठाऊक होतं. बाहेरच्या काही तज्ज्ञांनी म्हणूनच हात राखून स्वागत केलं. माझं मत विचारशील तर, जगणं-मरणं हे मोजमाप सर्जनच्या मनातल्या कलानं सहसा हलत नाही, तेव्हा निकालात तथ्य आहे. तरीही दुसऱ्या कुणीतरी दुसरीकडे हे पुन्हा करून पाहायला हवं. ते करणार कोण? लिडोकेनचं पेटंट कधीच संपलंय. ते जास्त खपावं म्हणून पदरचे कोट्यवधी घालणारी कंपनी मला तरी दिसत नाही. असा प्रश्न सरकारी किंवा धर्मादाय इस्पितळातल्या सर्जननी हाती घेतला तरच घेतला जातो, नाहीतर तो पडून राहतो. तुझ्या वैतागाचं उत्तर मला इथे दिसतं.

औषध मुळीच नसलेला प्रश्नही असाच पडून होता. तोंडाचा कर्करोग सुरुवातीचा असेल, मानेत गाठ लागत नसेल, तर मानेतल्या लसिका ग्रंथी आधीच काढाव्यात की वाट पाहावी? आमच्या वेळी कॉन्फरन्समध्ये यावर हिरिरीनं भांडणं व्हायची आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरायचं. २०१५मध्ये टाटाच्याच डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या गटानं ते मिटवलं: तीन वर्षांनी हयात असलेले ८० टक्के विरुद्ध ६७.५ टक्के. आधीच काढाव्यात. तंबाखूनं जबडे पोखरलेल्या आपल्या मुलखात हा निकाल किती घरांना पुरला असेल, विचार कर.

तिथेच डॉ. विजय पाटील आणि डॉ. कुमार प्रभाष यांनी केलेलंही एक काम वाच. निवोलुमॅब हे महागडं इम्युनोथेरपीचं औषध. रूढ मात्रा दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. त्यांनी तीन आठवड्यांनी फक्त २० दिलं, स्वस्त गोळ्यांच्या केमोसोबत. डोक्या-मानेच्या कर्करोगाचे, बरं होण्यापलीकडे गेलेले १५१ रुग्ण. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगलेले १६.३ टक्के, २० मिलिग्रॅम जोडल्यावर ४३.४. सावध राहा: तुलना नुसत्या गोळ्यांशी होती, पूर्ण मात्रेशी नव्हती. म्हणून ‘बारावा हिस्सा पुरतो’ हे यातून निघत नाही. ‘काहीच न परवडण्यापेक्षा हे कितीतरी बरं’ एवढं निघतं. आमच्या भागातून शेत गहाण टाकून टाटाला पेशंट नेणाऱ्यांना तेवढंही पुष्कळ आहे.

आता तुझा पू. २०२२मध्ये लॅन्सेटमध्ये एक चाचणी छापून आली, भारतासह सात देश, ८१ रुग्णालयं, १३,३०१ पेशंट. पोट शिवण्याआधी सगळ्यांनी हातमोजे बदलायचे आणि शिवायला वेगळी निर्जंतुक हत्यारं घ्यायची. एवढंच. जखमेतला संसर्ग १८.९ टक्क्यांवरून १६वर आला. या लोकांनीही गॉजच मोजले, सायली, पण नीट मोजले.

तेव्हा गाइडना उद्याच हो म्हण. मात्र ‘पू’ कशाला म्हणायचं, हे पहिला पेशंट घेण्याआधी लिहून काढ आणि त्यावर त्यांची सही घे. सी.टी.आर.आय. या चाचण्यांच्या नोंदवहीत नोंद आधी, पेशंट नंतर. ऑपरेशन करणाऱ्यानंच जखम तपासायची नाही, दुसऱ्या युनिटच्या कुणाला तरी पटव. बराचसा पू पेशंट घरी गेल्यावर येतो, म्हणून तिसाव्या दिवशी फोन करावाच लागेल. एकच नंबर घेऊन भागत नाही, ऊसतोडीला गेलेल्या माणसाचा फोन बंदच लागतो. गावातल्या आशाताईंचा नंबर डिस्चार्जच्या वेळीच टिपून ठेव. ज्याचा ठावठिकाणा लागला नाही त्याच्यापुढे ‘जखम बरी’ असं कधीही लिहू नकोस, ‘माहिती नाही’ असंच लिही. अशा रकान्यांची लाज वाटून घेऊ नये. तेच रकाने मी आधी बघणार आहे.

मसुदा झाला की छापील पाठव. मोबाइलवर मला टेबलं वाचता येत नाहीत. तुझी आजी विचारते, मेसचं जेवण सुधारलं का.

तुझा,
आबा