दयेचा वाफसा



एक शंका पुष्कळ भाविक विचारतात. उन्हाळा आला की पाणपोया लागतात, थंडी पडली की घोंगड्या वाटल्या जातात आणि ऋतू पालटला की सारे विसरून जाते. अशा ऋतूपुरत्या दयेला दया म्हणावे काय?

शंका रास्त आहे. परंतु वारकऱ्याचा परमार्थही ऋतूलाच बांधलेला आहे. आषाढी पावसाळ्यात, कार्तिकी हिवाळ्याच्या तोंडाशी, मध्ये चातुर्मास. पांडुरंग काही एकादशीपुरताच विटेवर नसतो. विसरभोळे मन आपले, म्हणून तिथीचा नेम. शेजारीही बारा महिने शेजारीच असतो. विसरतो आपण, म्हणून ऋतू आठवण द्यायला येतो. नेमाचे भजन खोटे नव्हे, तर नेमाने आलेली दया तरी खोटी कशी?

पण एवढ्यावर समाधान मानू नये. आपल्या परभणीकडे वैशाखात पारा ४४ अंशांपुढे जातो. तेव्हा दारात रांजण भरून ठेवणे पुण्याचेच. पण त्यात आपले फारसे वेचत नाही. खरी परीक्षा मृगात. काळ्या रानाला पेरणीजोगा वाफसा येतो तो चार दिवसांचा. पाऊस लागून राहिला तर चिखल, उघडीप लांबली तर ओल उडाली. त्याच चार दिवसांत शेजारच्या एकट्या बाईच्या रानातही वाफसा असतो. तिच्याकडे बैल नाही, ट्रॅक्टरच्या भाड्याला पैसा नाही. आपले सारे आटोपून मग तिच्याकडे जाऊ म्हटले, तर आपली दया पोचते आणि ओल गेलेली असते. दयेलाही वाफसा असतो.

कोणी म्हणेल, मग आमच्या लेकरांनी काय खावे? आपले रान पडीक टाका असे संत सांगत नाहीत. सकाळचा पहिला प्रहर तिच्या रानात, उरलेला दिवस आपल्या. जुनी माणसे सावड करीत, तिच्यात परतफेड असे. जिथे परतफेड होणार नाही तिथे धरलेली सावड, ती दया.

गोदाकाठचे गंगाखेड हे जनाबाईंचे जन्मगाव. त्या नामदेवरायांच्या घरी दळणकांडण करीत आणि देव त्यांना दळू लागे, असे परंपरा सांगते. नीट ध्यान द्या. देव दळण सरल्यावर आशीर्वाद द्यायला आला नाही. दळण चालू असता त्याने जात्याच्या खुंट्याला हात घातला. नाथमहाराजांनी रामेश्वराला वाहायची गंगा तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी घातली, तीही तत्क्षणी. उरलेसुरले दिले नाही. देवासाठी राखलेले दिले.

दिवाळीच्या सुमारास गंगाखेडकडच्या कितीतरी घरांना कुलूप लागते. कर्ती माणसे ऊसतोडीला जातात, मागे म्हातारी उरतात. पौषातली रात्र त्यांना फार लांब असते. तुमच्या आळीत असे एखादे दार असेल, तर दिवस मावळताना तिथे जाऊन बसा. सरपण आहे का, भाकरी झाली का, एवढे विचारा. घोंगडी पुढच्या वर्षीही देता येईल. ते माणूस पुढच्या वर्षी असेलच असे नाही.

आणि आषाढीला निघालेल्याची कोळपणी जो मागे राहून करतो, त्याने मनात खंत धरू नये. त्याचीही वारी पांडुरंगाला पावते.