अंगठा सावकाश सोडा

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत नवी मुलं आली की त्यांच्या हाती एन्झाइम आणि डीएनए लगेच देऊ नये, या मताची मी आहे. पहिल्या सकाळी फक्त रंग घातलेलं पाणी, टिपांची डबी आणि मायक्रोपिपेट द्यावं.

पिपेटच्या खिडकीत १०० हा आकडा लावला की तेवढे मायक्रोलिटर आलेच, असं मुलांना वाटतं. पण आकड्याने ठरतं ते एवढंच, की आतला दट्ट्या किती सरकेल. पाणी खरोखर किती आलं, हे अंगठा ठरवतो. दट्ट्या आणि पाणी यांच्यामध्ये हवा असते. दट्ट्या वर सरकला की आतला हवेचा दाब कमी होतो आणि पाणी टिपेत चढतं. अंगठा झटकन सोडला तर पाणी उसळतं, बुडबुडा शिरतो, कधी शिंतोडा थेट पिपेटच्या पोटात जातो. म्हणून बटण पहिल्या थांब्यापर्यंत दाबायचं, पिपेट सरळ उभं धरायचं, टिप दोन-तीन मिलिमीटरच बुडवायची आणि अंगठा सावकाश वर येऊ द्यायचा. तो वर आल्यावरही क्षणभर थांबायचं, मगच टिप बाहेर काढायची. दुसरा थांबा पाणी सोडताना शेवटचा थेंब ढकलण्यासाठी असतो. घाईत पाणी घेतानाच तिथवर दाबलं तर जास्तीचं पाणी येतं, आणि एवढासा फरक नुसत्या डोळ्यांना सहसा कळत नाही.

तराजूला मात्र कळतो. १०० मायक्रोलिटर पाण्याचं वजन १०० मिलिग्रॅमच्या अगदी जवळ भरतं. तराजूवर छोटी ट्यूब ठेवून त्यात पुन्हापुन्हा पाणी सोडायला लावावं. सुरुवातीला आकडे ९२, १०७, ९६ असे सैरावैरा पळतात. मग खांदे सैल होतात, श्वास संथ होतो आणि आकडे एकमेकांजवळ येऊ लागतात. हे बघत उभं राहणं मला फार आवडतं.

एन्झाइमची पाळी येते तेव्हा या सरावाचं मोल कळतं. ते बहुधा चिकट ग्लिसरॉलमध्ये ठेवलेलं असतं आणि घ्यायचं असतं जेमतेम एक मायक्रोलिटर, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढं. टिप खोल बुडवली तर तिच्या बाहेरच तेवढं चिकटून येतं आणि मिश्रणाचं सगळं प्रमाण बिघडतं.

एके काळी काचेच्या पिपेटमध्ये द्रव तोंडाने ओढत, अगदी रोगजंतूंचे नमुनेसुद्धा. त्यातून माणसांना संसर्ग झाले. जर्मनीतल्या मारबुर्ग इथे हाइनरिश श्निटगर या संशोधकाने १९५७ साली स्प्रिंग आणि दट्ट्याचं पिपेट तयार केलं, आणि ओठांचं काम अंगठ्याकडे आलं. त्या एका माणसाचे आपल्यावर केवढे उपकार आहेत!

कोरोनाच्या साथीत तर गावोगावचे स्वॅब आरटीपीसीआरसाठी प्रयोगशाळांत येऊन पडत होते. पीपीई किटच्या आत घामाने निथळत, दोन-दोन हातमोजे घालून, तिथली मुलंमुली रात्र-रात्र पिपेट चालवत होती. अहवालाची वाट बघणाऱ्या घरांना त्यांची नावं कधी कळलीच नाहीत. इतक्या घाईच्या दिवसांतही त्यांनी अंगठा सावकाश सोडला, याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे.