'नको' म्हणणारा मित्र

मे महिना संपत आला की वसई-मुंबईकडच्या घरांत तरुण मुलांच्या सहलीचे बेत शिजू लागतात. परीक्षा आटोपलेल्या असतात, कॉलेज उघडायला अवकाश असतो आणि कुणाच्या तरी घरची गाडी दोन-तीन दिवस मोकळी असते. चौघे मित्र पहाटे निघतात. पेणहून अलिबागला वळतात, रेवदंड्याची खाडी ओलांडून कोर्लईला येतात, मुरूडच्या पुढे आगरदांड्याला गाडी फेरीबोटीत चढवून दिघीला उतरतात आणि दिवेआगर, श्रीवर्धन करीत हरिहरेश्वर गाठतात. नाव उन्हाळी सहलीचे असते. पण वाटेत पाऊस गाठतोच. २०२५ साली तर मोसमी पाऊस नेहमीपेक्षा पंधरवडाभर आधी, २६ मे रोजीच मुंबईत येऊन थडकला होता. पावसातला तो रस्ता सुंदर असतो, यात शंका नाही. तापलेल्या जांभ्या दगडाला पहिल्या सरीने येणारा वास, पोफळीच्या बागांतून उतरणारे ढग आणि वळणावळणाला दिसणारा करडा समुद्र हे सारे मित्रांच्या सोबतीने पाहावे असेच आहे.

मग कुठल्या तरी किनाऱ्यावर गाडी थांबते. समुद्र खवळलेला असतो. तिघे म्हणतात, "चला, उतरू या." चौथ्याच्या मनात येते, 'नको.' त्याने काय करावे? मित्रांचा विरस करावा की मन मारून त्यांच्यामागे जावे? प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु मैत्री म्हणजे काय, या फार जुन्या प्रश्नाचेच हे एक रूप आहे.

प्रथम समुद्राविषयी. कोकणचा समुद्र दिवसातून दोनदा भरतो आणि दोनदा ओसरतो. ही वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून आपल्याकडच्या जुन्या माणसांजवळ एक सोपा हिशेब असे: तिथीची पाऊणपट करावी म्हणजे पूर्ण भरतीची अदमासे वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते आणि त्यात पावसाळी वारा मिसळला की सकाळी चालून गेलेली वाळू दुपारी दिसतही नाही. हरिहरेश्वरचा खडकांवरून जाणारा प्रदक्षिणेचा मार्ग ओहोटीतच चालता येतो. शहरातून आलेल्या मुलाला तिथी ठाऊक नसते. त्याला सुट्टी तेवढी ठाऊक असते.

याच दिवसांत कोळीबांधव काय करतात? जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून, झापांनी शाकारून ठेवतात आणि पारंपरिक कोळीवाडे नारळी पौर्णिमेची वाट पाहतात. ज्यांचे पोट समुद्रावर आहे ते त्याच्यापासून दूर राहतात आणि ज्यांचे तेथे काहीच काम नाही ते त्यात उतरतात. ही विसंगती केवळ अज्ञानाची नाही. अज्ञान असते तर गावच्या माणसाने एकदा सांगितल्यावर ते संपले असते. पण "पोरांनो, आज पाण्यात जाऊ नका," असे सांगणाऱ्या म्हाताऱ्याकडे पाहून मुले हसतात व पुढे जातात. चौघांतला प्रत्येक जण एकटा असता तर कदाचित थांबला असता. चौघे असतात म्हणून कुणीच थांबत नाही.

असे का व्हावे? जेरी हार्वी या अमेरिकन प्राध्यापकांनी १९७४ साली एका लेखात आपल्या सासुरवाडीची एक हकीकत सांगितली आहे. टेक्सासमधील कोलमन हे त्यांचे सासर. कडक उन्हाळ्याच्या दुपारी घरातली चार माणसे ओसरीत निवांत खेळत बसली होती. सासऱ्यांनी सहज सुचवले, ५३ मैलांवरच्या ॲबिलीनला जेवायला जाऊ या. एकेकाने होकार दिला. वातानुकूलन नसलेल्या गाडीतून, धुळीने माखून मंडळी गेली, बेचव जेवली आणि दमून परतली. मग बोलता बोलता उघड झाले की जायचे कुणालाच नव्हते. खुद्द सासऱ्यांनीही इतरांना कंटाळा आला असेल, या समजुतीने सुचवले होते! प्रत्येकाने दुसऱ्याचे मन राखले आणि कुणाच्याही मनासारखे झाले नाही.

टेक्सासच्या त्या चौघांची एक दुपार वाया गेली, एवढेच. समुद्रकाठी किंमत निराळी असते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून मुरूडला सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ते दिवस पावसाचेही नव्हते. त्या मुलांविषयी आज निवाडा करण्याचा अधिकार कुणालाच नाही. त्यांच्या आईवडिलांच्या दुःखापुढे माथा लववावा, एवढेच आपल्या हाती आहे. मात्र भरल्या समुद्रापुढे उभे राहणाऱ्या पुढच्या चौघांविषयी विचार करणे आपल्याला टाळता येणार नाही.

ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथाच्या दहा भागांपैकी दोन भाग मैत्रीला दिले आहेत. उपयोगासाठी केलेली, सुखासाठी केलेली आणि मित्राच्या हितासाठी केलेली, असे मैत्रीचे तीन प्रकार तो सांगतो. तरुणांची मैत्री बहुधा सुखासाठी असते, असेही त्याचे निरीक्षण आहे. सहलीत या मैत्रीला बहर येतो. त्यात गैर काहीच नाही. पण सुखाच्या मैत्रीचा एक अलिखित नियम असतो: सुखात व्यत्यय आणू नये. 'नको' म्हणणारा हा नियम मोडतो. त्या क्षणी तो मित्राच्या आनंदाहून मित्राला अधिक मोलाचा मानतो. दुसऱ्या पायरीवरची मैत्री तिसऱ्या पायरीवर चढते, ती बहुधा अशा एखाद्या अप्रिय शब्दाने.

संत थॉमस अक्वायनस याच्याही पुढे जातात. चुकणाऱ्या बांधवाला सावध करणे हे प्रीतीचे कृत्य आहे, असे ते प्रतिपादन करतात. मात्र ते योग्य वेळी आणि योग्य रीतीने व्हावे, ही अट घालतात. आपण सहसा याच्या उलट समजतो. प्रीती म्हणजे होकार आणि नकार म्हणजे दुरावा, असे आपल्या मनाने घेतलेले असते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. भीतीपोटी सतत 'नको' म्हणत राहिलो तर तारुण्याला अर्थ काय? धाडस हा सद्गुण नव्हे काय? आहेच. पण धैर्य हे भ्याडपणा आणि अविचार यांच्या मधोमध उभे असते, हेही ॲरिस्टॉटलनेच सांगितले आहे. आणि किनाऱ्यावरच्या त्या घटकेला धैर्य कुणाला अधिक लागते? लाटेत उडी घेणाऱ्याच्या पाठीशी तिघांच्या टाळ्या असतात. 'नको' म्हणणारा एकटा असतो. त्याला भित्रा म्हटले जाईल, परतीच्या वाटेवर त्याची थट्टा होईल आणि आपले म्हणणे खरे होते, हे त्याला कधीच सिद्ध करता येणार नाही; कारण जे घडलेच नाही त्याचा पुरावा नसतो.

म्हणून अशा ठिकाणी बहुमताचा नियम अपुरा पडतो, असे मला वाटते. कुठे जेवावे, कोणत्या गावी मुक्काम करावा, हे तिघांनी ठरवावे व चौथ्याने मानावे. पण जिथे चूक दुरुस्त करता येत नाही, तिथे एकाचा नकार पुरेसा मानावा. थांबल्याने एक संध्याकाळ गमावते. ती उद्या परत मिळू शकते. पुढे गेल्याने जे गमावू शकते, ते परत मिळत नाही. तराजूची दोन पारडी मुळातच सारखी नाहीत. मग दोहोंकडची मते तरी सारखी कशी मोजावीत?

अर्थात, नकार देणाऱ्यावरही बंधन आहे. आळसाला वा रुसव्याला त्याने सावधगिरीचे नाव देऊ नये. 'नको' म्हणून गाडीत जाऊन बसणे ही मैत्री नव्हे. त्याने तिथेच, मित्रांजवळ थांबावे. त्यांनी ऐकलेच नाही तर? त्यांच्यामागे पाण्यात जाण्याचे कर्तव्य मैत्री कुणावर लादत नाही. बुडणाऱ्याला वाचवायला गेलेला दुसराही बुडतो, हे आपल्या किनाऱ्याने वारंवार पाहिले आहे. त्याने काठावर उभे राहावे, दोर शोधावा आणि गावच्या माणसांना हाक द्यावी.

मुले सहलीला निघाली की आपण पालक विचारतो: कुठे जाणार, कोण कोण आहे, कधी परतणार? विचारायलाच हवे. त्यात आणखी एका प्रश्नाची भर घालावी: "तुमच्यात 'नको' म्हणणारा कोण आहे, आणि बाकीचे त्याचे ऐकतात का?" मुले हसतील. पण ज्या घरात जेवणाच्या पानावर धाकट्याचे 'नको' एकदा तरी शांतपणे ऐकून घेतले जाते, त्या घरातल्या मुलाला तो शब्द उच्चारण्याची आणि ऐकण्याची सवय असते. किनाऱ्यावर ऐन वेळी ती शिकवायला कुणी मोकळे नसते.